पवनेच्या पाण्यात रेल्वेचा फिटर

रेल्वेच्या नोकरीत मी एकतीस वर्षं इंजिनं दुरुस्त केली. त्यांतलं एकही पाण्यावर उभं नव्हतं, ही गोष्ट त्या दुपारपर्यंत मला महत्त्वाची वाटली नव्हती.

स्वतःची बोट घ्यायची हे मी इयत्ता पहिलीत असतानाच ठरवलं होतं. पवना धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं ते आमच्या खळ्यापर्यंत आलं, मग खळ्यावरून पुढे गेलं, आणि काल जिथे गुरं चरत होती तिथे आज आभाळ दिसायला लागलं. मोठी माणसं काठावर गप्प उभी होती. मी आ वासून बघत होतो. एवढं पाणी! आणि आपल्याकडे साधी होडी नाही! पुढे शाळा, नोकरी, लोणावळ्याचं क्वार्टर, लग्न, मुलं, मुलांची लग्नं अशी किरकोळ कामं मध्ये आली आणि बोट राहून गेली. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन गावी परत आलो तेव्हा पाणी तिथेच होतं.

अडचण एकच होती. माझी बायको सुमन. तिचं माहेर वडगाव मावळचं. माहेरी तिने पाणी बघितलं ते विहिरीत, हंड्यात आणि पेल्यात. ह्याहून जास्त पाणी एका जागी साठवणं तिला बेजबाबदारपणाचं वाटतं. गावी येऊन चार वर्षं झाली, पुतण्याने काठावर टाकलेल्या तंबूंवर ती दर शनिवारी-रविवारी शंभर पर्यटकांचा स्वयंपाक बघते, पण पाण्याकडे कायम पाठ करून!

"अगं, आपली भाताची खाचरं पाण्याच्या पलीकडे," मी समजावलं. "रस्त्याने वळसा घालायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. बोटीने पंधरा मिनिटं!"

"अर्धा दिवस जाऊ दे," ती म्हणाली. "माणूस जायला नको."

शेवटी तोडगा काढला तो हमीदभाईंनी. हमीदभाई धरणाच्या भिंतीकडच्या बाजूला राहतात, मासे धरतात आणि जुन्या होड्या दुरुस्त करून विकतात. त्यांच्याकडची निळी फायबरची बोट मी सहा महिने मनात चालवत होतो. ते म्हणाले, "दत्ताभाऊ, आज वहिनींना बसवून घरी न्या. वहिनी व्हय म्हनल्या तर बोट तुमची. न्हाई म्हनल्या तर उद्या सकाळी मी यिऊन परत आनतो. दुसरं गिऱ्हाईक हाय माज्याकडं." सुमननेही मान्य केलं. एकदा बसेन, म्हणाली. एकदाच. आणि काही विपरीत झालं तर बोटीचं नाव ह्या जन्मात काढायचं नाही.

म्हणजे पन्नासेक वर्षांचं स्वप्न एका फेरीवर येऊन ठेपलं होतं. घाबरायचं मला काही कारण नव्हतं. बोटीला इंजिन होतं आणि इंजिन म्हटलं की मी! (हे वाक्य मी त्या दिवशी मोठ्याने म्हणालो होतो. साक्षीदार आहेत.)

साक्षीदार म्हणजे सुमनचे थोरले भाऊ. बहीण पाण्यावर जाणार हे कळल्यावर ते वडगावहून मुद्दाम आले. दणकट शेतकरी माणूस, वजन नव्वदच्या पुढे, आणि स्वतः पोहता येत नाही. "मी आसल्यावर काळजी न्हाई," म्हणाले आणि पुढच्या फळीवर बसले. बोटीचं नाक लगेच खाली झुकलं. सुमनने दोन लाइफ जॅकेटं घातली, एकावर एक. मधल्या फळीवर बसली आणि डोळे मिटून घेतले. बोट अजून दोराने बांधलेली होती.

नव्या गाडीची पूजा झाल्याशिवाय आमच्याकडे कोणी किल्ली फिरवत नाही, म्हणून नारळ, हळदकुंकू, उदबत्ती सगळं आणलं होतं. नारळ फुटला, इंजिनाला हार घातला. मग लिंबू. लिंबू चाकाखाली ठेवायचं असतं.

"चाक कुटंय?" भाऊंनी विचारलं.

आम्ही तिघांनी बोटीला वाकून वाकून बघितलं. (सुमन डोळे मिटून बघत होती.) शेवटी भाऊंनी ठरवलं, "मागच्या पंख्याखाली ठिवा." मी लिंबू पंख्याखाली ठेवलं. ते वर आलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा वर आलं आणि आमच्या आधीच प्रवासाला निघालं. हमीदभाई हात जोडून उभे होते, पण खांदे हलत होते.

मग त्यांनी मला इंजिन समजावून सांगायला घेतलं. मला! पंधरा घोड्यांचं इंजिन! आमच्या घाटातल्या इंजिनाचा नुसता भोंगा वाजवायला तेवढे घोडे लागत असतील.

"ही लाल दोरी मनगटाला बांदा. पान्यात पडलात तर इंजिन आपोआप बंद व्हतं. हा रबरी फुगा दाबला की पेट्रोल चढतं. आन् टाकीच्या झाकनावर ह्यो बारका स्क्रू हाय ना, त्यो—"

"हमीदभाई," मी हसून म्हणालो, "एकतीस वर्षं."

"व्हय, पन त्यो स्क्रू—"

"एकतीस!"

हमीदभाई गप्प बसले. भला माणूस आहे.

दोरी ओढली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि आम्ही निघालो. म्हणजे निघालो असं मला वाटलं. बोटीचा दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते, ही खोडी मला कोणी सांगितली नव्हती (सांगितली असेल, मी 'एकतीस' म्हणत असेन). पहिल्या दहा मिनिटांत आम्ही हमीदभाईंच्या धक्क्यासमोर तीन गोल फेऱ्या मारल्या. पहिल्या दोन वेळा त्यांनी हात हलवून निरोप दिला. तिसऱ्या वेळी ते घरात निघून गेले.

पण एकदा का बोट सरळ झाली! काय सांगू तुम्हाला! भातकापणी नुकतीच उरकली होती, धरण काठोकाठ भरलेलं. एका अंगाला लोहगड आणि विसापूर, दुसऱ्या अंगाला तिकोना, समोर तुंग. जन्मभर हे डोंगर मी काठावरून बघितले होते आणि ते मला पाठ आहेत असं समजत होतो. पाण्याच्या मधोमध गेल्यावर कळलं, की आपण आजवर त्यांची फक्त एक बाजू बघत होतो. चारही गड एकदम आपल्याकडे बघतायत असं वाटलं, आणि अंगावर काटा आला. माझ्या तोंडून 'वा' एवढंच निघालं.

"काय झालं?" सुमनने डोळे न उघडता विचारलं. "बुडतोय का?"

"अगं, बघ तरी!"

"तुम्ही बघा. मला पेट्रोलचा वास येतोय. मळमळतंय."

वास खरंच येत होता. पायाशी प्लॅस्टिकची लाल टाकी होती, तिच्या झाकणावर तो हमीदभाईंचा बारका स्क्रू, आणि बघतो तर तो ढिला! इथे मला तुम्हाला रेल्वेची एक शिस्त सांगितली पाहिजे. आमच्या शेडमध्ये ढिला स्क्रू बघून पुढे जाणारा फिटर, फिटर नव्हेच. कुणाचा आहे, कशाचा आहे, विचारायचं नाही. आवळायचा! घरातल्या खुर्च्या, कुकरचे दांडे, शेजाऱ्यांचं फाटक, जावयाच्या चष्म्याची काडी, सगळं मी आवळलेलं आहे. मी वाकलो आणि एकतीस वर्षांच्या अनुभवाने तो स्क्रू कच्चून आवळला. वास थांबला.

"आता कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," सुमन म्हणाली. मला फार अभिमान वाटला.

त्यानंतर आठ-दहा मिनिटांनी, पाणी सगळ्यात रुंद आहे तिथे, इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. मग हुंदका दिल्यासारखं करून बंद पडलं.

इतकी शांतता मी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. शेडमध्ये सतत खडखडाट, घरी कुकर आणि टीव्ही. इथे काहीच नाही. बोटीखाली पाणी हळूच चुळुक करत होतं आणि कुठल्या तरी काठावर एक बैल हंबरला तो अगदी शेजारी बसल्यासारखा ऐकू आला. तुंगचं टोक पाण्यात उलटं उभं होतं, जराही न हलता. सोळा फुटांच्या बोटीत आम्ही तीन माणसं आणि खाली एक अख्खं खोरं पाण्याने भरलेलं. मी इतका लहान कधी झालो नव्हतो.

"लय शांत वाटतंय," भाऊ पुढून म्हणाले. "मुद्दाम बंद केलं व्हय, पाव्हणं?"

"हो," मी म्हणालो. "जरा डोंगर बघा म्हटलं."

"बघून झाले," सुमन म्हणाली. "चालू करा."

मी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. भाऊ मोजत होते. "सात... आठ... पाव्हणं, वाईच जोरात... नऊ..." बाराव्याला माझं कोपर सुमनच्या जॅकेटावर आदळलं (बाहेरच्या). सतराव्याला खांद्यातून कट्ट असा आवाज आला. इंजिनातून कुठलाच आला नाही.

"अहो, ह्याला विपरीत म्हणायचं का?" सुमनने शांतपणे विचारलं.

"छे छे! ही तपासणी आहे!"

आता मात्र मी कामाला लागलो. आधी इंजिनाचं वरचं टोपण काढलं. ऐटीत काढलं आणि फळीच्या कडेवर ठेवलं. तेवढ्यात काय होतंय ते बघायला भाऊ उठून उभे राहिले. बोट कलली, टोपण घसरलं आणि पाण्यात पडलं. पण बुडालं नाही! उलटं पडून मस्त तरंगायला लागलं, वारा घेतला आणि आमच्या गावाच्या दिशेने चालू लागलं. आमच्याकडे आता दोन बोटी होत्या आणि त्यांतली चालणारी आमच्या हातात नव्हती.

"भाऊ, खाली बसा!"

"बसतो की. पन ते चाललं ना तुमचं!"

मी प्लग काढले. दोन्ही सुमनच्या पदराला पुसले. ठिणगी बघितली, ठिणगी झकास. लाल दोरी सोडली, बांधली, डाव्या मनगटावरून उजव्यावर घेतली. वायरी हलवल्या. एक वायर हलवताना मला असा झटका बसला की मी हमीदभाईंच्या घराण्याबद्दल दोन शब्द बोललो. (नंतर माफी मागितली आहे.) शेवटी पाना हातातून निसटला आणि चुबुक! खाली, माझ्या लहानपणाच्या कुठल्या तरी वावरात जाऊन पडला असेल.

त्याच वेळी पुण्याकडची वाटणारी एक मुलगा आणि एक मुलगी कयाक वल्हवत आमच्या शेजारून गेली. मला वाटलं मदत आली.

"काका," मुलगी गोड आवाजात म्हणाली, "एका राउंडचे किती घेता?"

"बंद आहे," मी म्हणालो.

"लंच टाइम का?"

"व्हय," भाऊ म्हणाले. ती थँक्यू म्हणून गेली.

फोनला रेंज नव्हती. वारा आता फिरला होता आणि आम्हाला हळूहळू, पण न चुकता, गावापासून लांब नेत होता. सूर्य तुंगकडे झुकला होता. माझे दोन्ही हात काळे, खांदा निकामी. हमीदभाई उद्या सकाळी येणार, निळी बोट घेऊन जाणार, आणि मी पुन्हा काठावर उभा राहणार, हे मला स्वच्छ दिसू लागलं. रडू येईल की काय असं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं आलंच.

"पेट्रोल भेसळीचं आहे," मी जाहीर केलं. फिटरला काही सुचलं नाही की तो हेच म्हणतो. "दुसरं काही असूच शकत नाही. मी सगळं बघितलं."

माझ्या आवाजात काहीतरी ऐकू आलं असावं, कारण सुमनने डोळे उघडले.

आधी तिने माझ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे. मग मान हळूहळू वर करत लोहगडापासून तुंगपर्यंत सगळं बघत गेली. मी आरडाओरड्याची वाट बघत होतो. ती काहीच बोलली नाही. तोंड किंचित उघडं राहिलं होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिला गप्प करणारी गोष्ट मी पहिल्यांदा बघत होतो. मग तिची नजर खाली आली आणि टाकीवर थांबली.

"ही अशी का झालीय?"

"कशी?"

"गाल बसलेत हिचे."

खरंच की! लाल टाकीच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. मी इंजिनाकडे तोंड करून तासभर झगडत होतो, टाकी माझ्या पायाशी वाळत चालली होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"तेलाचा पंधरा किलोचा डबा असतो ना," सुमन म्हणाली, "त्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? गुळुक गुळुक करून थांबतं. दुसरं भोक पाडावं लागतं, वारा आत जायला. दर शनिवारी पाडते मी. हिचं वाऱ्याचं भोक कुठंय?"

मला आता सगळं कळलं होतं आणि ते कुणाला कळू नये अशी माझी इच्छा होती.

"मगाशी पाव्हन्यांनी झाकनावर कायतरी आवळलं बगा," भाऊ म्हणाले. पुढे तोंड करून बसलेल्या माणसाने मागचं एवढं कसं बघितलं, देव जाणे!

सुमन वाकली. स्क्रू पकडला आणि फिरवला. फुस्स्! टाकीने एवढा मोठा श्वास घेतला की भाऊ दचकले, आणि दोन्ही गाल ढब्ब करून बाहेर आले. मग तिने रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबला. (हमीदभाईंचं बोलणं बोटीत एका माणसाने तरी ऐकलं होतं, तेही डोळे मिटून.) मी प्लग परत बसवले, हातानेच, मुकाट्याने.

"सरका," ती म्हणाली. दोन जॅकेटांच्या वर पदर खोचला, पाय रोवला आणि शंभर माणसांची कणीक तिंबणाऱ्या हाताने दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं!

एकतीस वर्षांत मी मोठमोठे साहेब बघितले. जाडजूड पुस्तकं उघडून, नकाशे पसरून, चार जणांना ओरडून दोष शोधणारे. पण बसल्या जागेवरून एका नजरेत निदान आणि दोन बोटांत इलाज, हे मी कधी बघितलं नव्हतं. मी तिच्याकडे बघतच राहिलो. चार गड बघताना जे वाटलं होतं, तेच आत्ता वाटत होतं आणि ह्या खेपेला ते माझ्याच घरातलं होतं.

"मी चालवतो आता," मी जरा वेळाने म्हणालो.

"बसा," ती म्हणाली.

मी मधल्या फळीवर बसलो. तिने दांडा धरला, मान वळवून एकदा गावाकडे बघितलं आणि बोट सरळ रेषेत निघाली. एकही गोल नाही! वाटेत टोपण भेटलं, तर वेग कमी करून अलगद त्याच्या शेजारी नेली आणि भाऊंनी ते उचललं. आत एक बेडूक बसला होता, त्यालाही उतरवून दिलं.

"अगं, तुला हा दांडा जमला कसा? उलटा चालतो तो!"

"त्यात काय अवघड आहे?" सुमन म्हणाली. "उजवीकडे न्यायचं असेल तर डावीकडे रेटायचं. तुम्हाला मी इतकी वर्षं कसं नेतेय?"

भाऊ इतके हसले की बोटीत पाणी आलं.

काठाला लागलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. फोनला रेंज आली आणि लगेच हमीदभाईंचा फोन आला. मी तो कानाला लावला.

"काय म्हनत्यात वहिनी? सकाळी यिऊ का न्यायला?"

मी फोन सुमनला दिला. तिने पाण्याकडे तोंड केलं. पाठ नाही, तोंड! वारा पडला होता आणि तुंग पुन्हा पाण्यात उलटा उभा होता. तिने एवढा वेळ लावला की मी मनातल्या मनात बोटीचा निरोप घेऊन टाकला.

"हमीदभाई," ती म्हणाली, "नेऊ नका. बोट लई गुणी आहे. मला पाहिजे."

माझे डोळे भरून आले. भाऊंनी माझ्या पाठीवर, नेमक्या दुखऱ्या खांद्यावर, थाप मारली.

"फक्त एवढं सांगा," सुमन फोनवर पुढे बोलत होती, "चालवायला काही परवानगी-बिरवानगी काढावी लागते का? ... नाही नाही. यांच्या नावाने नाही. माझ्या."

तर आता माझ्या दारात माझी स्वतःची बोट आहे. सुमन रोज सकाळी तिच्यातून खाचरावर जाऊन येते, परतताना मध्येच इंजिन बंद करून थोडा वेळ डोंगर बघते, मुद्दाम. मी काठावर उभा राहून दोर धरतो. रविवारी दुपारी, पर्यटकांची जेवणं उरकली की, मलाही एक फेरी मिळते. बसण्याआधी, पाना-पक्कड जवळ नाही ह्याची खात्री म्हणून, खिसे उलटे करून दाखवावे लागतात!